रविवारचा डाग

हिर्डोशी,
गुरुवार, २१ एप्रिल १९५५
(शाळेच्या घड्याळात साडेबारा)

तीर्थस्वरूप हैबतदाजी यांच्या पायांवर धाकट्या मेहुण्याचं, म्हणजे रायबाचं, डोकं. डोकं जसं आहे तसं, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसकट ठेवलं आहे. आशीर्वाद देताना हात तेवढा जपून ठेवावा. आक्काचा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? शिवऱ्याच्या सडकेवर तुमच्या हॉटेलापुढं मालट्रका थांबतात ना, आणि तुम्ही अजून एकाच चहापत्तीत तीन वेळा चहा काढता ना? (आक्कानं सांगितलं. माझं नाव घेऊ नका.) इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून तसं लिहून ठेवतो, खरं काय ते पुढं येईलच. हे पत्र मला तीन वाजायच्या आत संपवायचं आहे. तीनला काय होतं ते तुम्हाला ठाऊक नाही, कारण ते मी तुमच्यापासून आणि आक्कापासून लपवलं. आता लपवून भागत नाही. येत्या रविवारी माझ्या डोक्याला तापलेल्या लोखंडाचे दोन डाग देणार आहेत, आणि त्यावर माझं लग्न अडलं आहे.

माझी अर्धशिशी आक्काला माहीत आहे. ती चौदाव्या वर्षापासून माझ्याकडे नांदते, म्हणून मी तिला थोरली म्हणतो. महिन्यातून दोनतीनदा येते, डावं अर्धं डोकं धरते आणि दिवसभर, कधी दोन दिवस, हलू देत नाही. उजेड नको, आवाज नको, शेजारी कुणी कांदा फोडणीला टाकला तरी पोटातलं सगळं बाहेर. अंधारात भिंतीकडे तोंड करून निपचित पडलं की तिचं समाधान होतं. पाच वर्षांमागे धाकटी आली. ही होळी झाली की येते, चाळीस दिवसांच्या आगंमागं निघून जाते आणि मग वर्षभर तोंड दाखवत नाही. पण त्या चाळीस दिवसांत रोज दुपारी तीनला हजर. (शाळेचं घड्याळ दिवसाला दहा मिनिटं मागं पडतं. मी ते तिच्यावरून लावून घेतो.) उजव्या डोळ्यामागं तापलेली सळई फिरवल्यासारखं होतं. (ही उपमा मी पाच वर्षं मनातल्या मनात वापरतो आहे. ती कुणी खरी करायला निघेल असं वाटलं नव्हतं.) डोळा लाल होऊन गळतो, पापणी खाली पडते, त्याच बाजूची नाकपुडी वाहते. आणि हिला पडून राहिलेलं चालत नाही. पडलं तर दुप्पट दुखतं. उठायचं, चालायचं, भिंतीला डोकं टेकायचं, पुन्हा चालायचं. तासाभरानं जशी आली तशी जाते. थोरली म्हणते हलू नकोस, धाकटी म्हणते बसू नकोस. दोन बायकांच्या दादल्यांची तुम्ही हॉटेलात बसून फार चेष्टा करता, दाजी. यापुढं करू नका.

उपाय सगळे झाले. सुंठ उगाळून लावली, नाकात तूप सोडलं, भल्या पहाटे दूध-जिलबी खाल्ली (एवढा एकच उपाय मी आणखी महिनाभर करायला तयार होतो), भोरला जाऊन चष्मा आणला. चष्म्यानं दुखणं स्पष्ट दिसायला लागलं, बाकी काही नाही.

आता लग्नाचं. वरच्या वाडीतल्या सोनबांची बना तुम्हीच सुचवलीत. सोनबा म्हणजे दोनशे मेंढरांचा धनी, बोलणं कमी आणि बघणं जास्त. त्यांचा थोरला जावई दारूपायी वाया गेला, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. त्यामुळं दुसरा जावई फायनल पास आहे, शाळामास्तर आहे, याचं त्यांना काही नाही. पीत नाही ना, एवढं एकच त्यांना बघायचं होतं. आणि मी पीत नाही, दाजी. दारूबंदी नव्हती तेव्हाही पीत नव्हतो. पण मी ज्यांच्या पडवीत राहतो त्या धोंडाबाईंनी काय पाहिलं? मास्तर रोज तीन वाजता लाल डोळ्यानं अंगणात झोके खात फिरतो, नाक पुसतो, खांबाला डोकं टेकतो. आणि मध्येच एखाद्या दिवशी सकाळी दार लावून, डोक्यावरून घोंगडी घेऊन ओकत पडतो. आज चढलेली आणि उद्या उतरलेली, असा त्यांनी सरळ हिशेब केला. माझ्या दोन बायकांनी मिळून एक दारुडा उभा केला. पाटील दोनदा सहज म्हणून आले आणि माझ्या तोंडाशी तोंड आणून पावसापाण्याच्या गप्पा मारून गेले. मी ओरडून सांगितलं की ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. एका माणसाला एक डोकं आणि डोकेदुख्या दोन, हे गावात कुणालाच पटेना. बना दर आठवड्याला धोंडाबाईंकडे तूप घालायला येते, तेव्हा ही बातमी वरच्या वाडीला जायला किती वेळ लागणार?

मागच्या रविवारी सोनबा आणि त्यांची आई अंबूबाई घर बघायला आले. मी सकाळीच या असा निरोप धाडला होता, म्हणजे जेवून दोनपर्यंत निघतील. ते आले दीडला. जेवणं अडीचला झाली. मग सोनबांनी चंची सोडली. आपल्यात पाहुणा पान खाऊन उठेपर्यंत घरच्यानं उठायचं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. सोनबा सुपारी कातरू लागले. दाजी, अशी सुपारी मी कुणाला कातरताना पाहिलेलं नाही. एक खांड, मग माझ्याकडं एक नजर, मग दुसरं खांड. पावणेतीनला माझी नाकपुडी सुटली. मी सर्दी म्हणालो. तीनला दहा कमी असताना उजवी पापणी पडली, आणि समोर अंबूबाई बसलेल्या. सत्तर वर्षांची म्हातारी माझ्याकडं बघून पदर सावरू लागली. मी दोन्ही हातांनी मांडी दाबून धरली होती. पानाला अजून चुना लागायचा होता. तीनला मी उठलो आणि बाहेर पळालो. लग्न मोडलं, हे मला उंबऱ्यातच कळलं होतं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याचंसुद्धा काही वाटलं नाही.

शेळ्यांच्या कोंडवाड्यात मी मान उजवीकडं टाकून गोल गोल फिरत होतो. सोनबा मागोमाग आले, कुडाला टेकून उभे राहिले आणि पाऊण तास नुसते बघत राहिले. धोंडाबाई पाटलांना बोलवायला गेल्या. मग सोनबा आत आले. मेंढरू धरतात तसं त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, अंगठ्यांनी कवटी चाचपली, पापणी वर केली, तोंड उघडायला लावून वास घेतला. एवढ्यात पाटील आले. सोनबा त्यांना म्हणाले, "दारू न्हाई. दारूचा वास म्या झोपंत बी वळखीन." मला तिथंच त्यांचे पाय धरावेसे वाटले. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी चार लोकांत सांगितलं होतं की मी खोटं बोलत नाही. पण सोनबांचं बोलणं संपलं नव्हतं. "ह्ये आमच्या मेंढराचं दुखणं हाय. डोस्क्यात किडा झाला की मेंढरू असंच मान टाकून फिरतंय. डाग द्यावा लागंल."

(घड्याळात दोन वाजायला आले. लवकर लिहितो.)

सोनबा त्या दिवशी इथंच राहिले. सोमवारी, एवढं सगळं झाल्यावर ती काय गप्प बसते, थोरली आली. सोनबांनी दारातून मला भिंतीकडं तोंड करून पडलेला पाहिला, उशाजवळचं ओकायचं घमेलं पाहिलं, आणि म्हणाले की हा दुसरा रोग. रोग दोन, तर डागही दोन, उजव्या कानशिलावर एक आणि डाव्यावर एक. दाजी, गावात माझं म्हणणं खरं मानणारा हा एकच माणूस निघाला आणि तो असा. ठरलं ते असं: रविवारी सकाळी वरच्या वाडीत, बिरोबाच्या देवळापुढं, चार लोकांसमक्ष डाग, आणि गुण येताना दिसला की पुढच्या रविवारी साखरपुडा. डाग नको असेल तर मुलगी नाही. रोगी जनावर कळपात घेत नाहीत, असं ते माझ्या तोंडावर, अगदी मायेनं म्हणाले.

मी साफ नाही म्हणून मोकळा झालो असतो. पण त्याच सोमवारी बना तूप घेऊन आली होती. मी डोळे मिटून पडलेलो, दारातून उन्हाची तिरीप थेट डोळ्यावर. बापाचं आणि धोंडाबाईंचं बोलणं चाललं होतं. ती कुणाला काही न विचारता आत आली, माझ्या उशाची घोंगडी तिनं दारावर अडकवली, कडेची फट चिंधी लावून बुजवली, आणि घमेलं उचलून बांगड्यांचा आवाज न करता बाहेर गेली. बांगड्या तिनं दुसऱ्या हातानं धरल्या होत्या. थोरलीला बांगड्यांचा आवाज सहन होत नाही हे आक्काला कळायला चार वर्षं लागली होती, दाजी. तेव्हापासून मला या मुलीशीच लग्न करायचं आहे.

तेव्हा तुम्ही माझे वडीलधारे आहात, आई-आबांच्या मागं माझं तुमच्यावाचून कुणी नाही. कसंही करून रविवारच्या आत या आणि डाग टाळून लग्न जमेल असं काहीतरी करा. आपल्या कुळाला आगीचा डाग चालत नाही म्हणून सांगा. तुम्ही सांगितलेलं खोटं लोकांना पटतं, चहाचंच बघा ना. आक्काला दंडवत, लेकरांना पापा. पावणेतीन झाले, नाकपुडी सुटली. इथंच पुरे करतो.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
रायबा

ता. क. साडेचार वाजले आहेत. धाकटी येऊन गेली. अक्षर वाकडं आलं तर राग मानू नका. शनिवारी सकाळच्या गाडीनं भोरला या, आणि हिर्डोशीची गाडी नसली तर चालत या, ऊन व्हायच्या आत. भोरच्या चष्मेवाल्या डॉक्टरांकडून या माणसाच्या डोक्यात किडा नाही असं लिहून आणता आलं तर आणा.

ता. क. दुसरा. वरचं लिहून पाकीट चिकटवायच्या बेतात होतो तेवढ्यात बना आली. तुपाचा दिवस नव्हता. पडवीच्या खांबाआड उभी राहून, माझ्याकडं न बघता तिनं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. "मास्तर, माझं बी डावं डोस्कं दुखतंय. चार वर्सं झाली. म्या मेंढरांत जाऊन पडती, कुणाला दिसत न्हाई. बाबाला ठावं न्हाई, आज्जीला ठावं हाय. आज्जी म्हणती, मास्तराला गुण आला की तुलाबी लग्नाआधी डाग दिऊन घिऊ." मी विचारलं, आणि मी नाहीच म्हटलं तर? ती म्हणाली, "मग लगीन मोडंल. आन डाग काय, आज्जी तसाबी देईलच." एवढं बोलून ती रिकामं भांडं घेऊन गेली. मी बराच वेळ रडलो, दाजी, आणि डोकं दुखत नसताना रडलो.

ता. क. तिसरा. वरचं सगळं रद्द समजावं. डाग टाळायचा नाही. डॉक्टरांचं लिहिलेलं आणू नका, कुळाचं काही बोलू नका, सोनबांनी दोनाचा एक करतो म्हटलं तरी ऐकू नका. डाव्या बाजूचा डाग खरं तर तिच्या वाट्याचा आहे, तो मी घेतो. फक्त शनिवारी येताना डागांवर लावायला आक्काकडून ताजं लोणी भांडंभर आणा, आणि मंगळवारपर्यंत राहायच्या तयारीनं या. सोमवारी तीन वाजता सोनबांना आणि अंबूबाईंना तुम्ही अंगणात आणून बसवायचं आहे. डाग देऊनही मास्तर फिरतो आहे हे दोघांनी डोळ्यांनी बघितलं की पोरीच्या डोक्याजवळ लोखंड न्यायला कुणी धजणार नाही. त्याच पायी उपाशी उन्हात उभा राहून मंगळवारी थोरलीलाही बोलावून घेतो, ती काही मला नाही म्हणत नाही. मग पुढं लग्न जमलं तर जमलं. न जमलं तरी तिचं डोकं शाबूत राहील. चिंता एकच आहे. धाकटीचा आज छत्तिसावा दिवस, सोमवारी चाळिसावा. दरवर्षी ती याच सुमाराला जाते, आणि ती रविवारीच निघून गेली तर सगळी वाडी म्हणेल गुण आला. म्हणून तुम्ही आणि आक्का जाता-येता देवाला एवढंच सांगा, की सोमवारी तीन वाजता आमच्या रायबाचं डोकं दुखू दे.