डाव्या बाजूची तक्रार

४ मार्च, मंगळवार, सकाळी

चि. भिंगरीस,

बाबांचे आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तू बरी आहेस हे मला तुझ्या आईकडून कळतं, तेही अर्धवट, कारण मी खोलीत आलो की फोनवरचा तिचा आवाज आपोआप बारीक होतो. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. पाच वर्षांतलं पहिलंच पत्र आहे. फाडायचं असेल तर वाचून फाड, एवढंच म्हणणं.

बातमी अशी की मी गाडी घेतली. स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोन माणसं, रंग लाल, उंची माझ्या कमरेएवढी. हसलीस ना? हस. एकतीस वर्षं मी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसलो, पायाखाली शिक्षकाचा तो जादा ब्रेक, आणि डोळे सदा दुसऱ्याच्या चुकीवर. स्कूल विकून टाकलं, पाटी उतरवली आणि ठरवलं की आता स्टिअरिंग आपल्या हातात. आई म्हणाली, "या वयात हे काय नवीन खूळ?" मी म्हटलं, जुनंच आहे, सवड आत्ता मिळाली.

गाडी झकास आहे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे नुसत्या तक्रारी आहेत.

पहिली म्हणजे शोरूमची ती गोड आवाजाची बाई. दर तीन दिवसांनी फोन. "सर, तुमच्या समाधानाला एक ते दहामध्ये किती गुण द्याल?" मी म्हटलं सात. तर ती रडवेली झाली. दहाच्या खाली गेलं की तिला तिचा साहेब बोलतो म्हणे. मी म्हटलं, बाई, मी एकतीस वर्षांत कुणाला दहा दिले नाहीत, पोटच्या पोरीलाही नाहीत. बोलून गेलो खरा. आठ म्हणालो आणि फोन ठेवला.

मग आत बसायची तऱ्हा. तुझी आई आधी बाहेरून टेकते, मग एकेक पाय आत घेते, मग मला चार शब्द ऐकवते, आणि उतरताना हे सगळं उलट क्रमानं. भाजीची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली की गाडीला वाटतं माणूस बसलंय, आणि पट्टा लावा, पट्टा लावा म्हणून ती ठणाणा करते. मी दुधीभोपळ्याला पट्टा लावून घरी आलोय. डिकीत एक बॅग मावते, तीही रिकामी असली तर.

पण डोक्यावर मिऱ्या वाटते ती एकच गोष्ट. डाव्या बाजूचा अलार्म. डावीकडे काही जवळ आलं की वाजायचा, असं पुस्तकात लिहिलंय. हा ऊठसूट वाजतो. मी बघतो तर डावीकडे काही नाही. रस्ता मोकळा, आणि गाडी कोकलतेय. उजवीकडचा कसा गुणी आहे, काम असेल तेव्हाच बोलतो. दोनदा वर्कशॉपला नेली. तिथला टायवाला पोरगेला इंजिनीअर म्हणतो, काका, सेन्सर एकदम ठीक आहे. मी म्हटलं, तू जन्माला यायच्या आधीपासून मी लोकांना डावं-उजवं शिकवतोय.

असो. एकदा येऊन गाडी बघून जा. आईला तुला बघायचंय. माझं काय, मी आहेच इथे.

तुझा,
बाबा

—

२९ मार्च, शनिवार

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. पत्र पोचलं असं आईनं सांगितलं. तू काय म्हणालीस विचारलं तर म्हणाली, "हं म्हणाली." आता हं म्हणजे काय, हे मी चार दिवस घोळवतोय. पण फाडलं नाहीस असं धरून चालतो.

गाडीचं सुख काही लाभू देत नाहीत लोक. महिन्यात तीन ओरखडे. पहिला आपल्याच फाटकाचा. फाटक गेल्या पावसात कलंडलंय, हे मी तुझ्या आईला शंभरदा सांगितलं, तिला ते सरळ दिसतं. दुसरा बाजाराच्या तळघरातल्या पार्किंगचा. तिथे कुणा शहाण्यानं मधोमध खांब उभा केलाय. तिसरा समोरच्या दंतवैद्याच्या गाडीच्या आरशाचा. आरसा त्याचा तुटला, ओरखडा मला. तो घरी आला, तर आईनं त्याला पाणी देऊन वर माफीही मागितली. म्हणजे झालं. घरातच फितुरी.

सोमवारी वर्कशॉपला गेलो. टायवाला गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "काका, राग मानू नका, पण तिन्ही डाव्याच बाजूला कसे?" मी त्याला असा झापला की चहा घेऊन आलेला माणूस दारातूनच परत गेला. मग त्या अलार्मवर आलो. म्हटलं, हा बंद करून दे, माझं डोकं उठलंय. तो म्हणाला तसा बंद करता येत नाही, लेखी द्यावं लागेल की माझ्या जबाबदारीवर. दिलं लेखी. सही ठोकली. आता गाडीत कशी शांतता आहे.

मग तो म्हणाला, एक चक्कर मी चालवून बघतो, तुम्ही शेजारी बसा. बसलो. पहिल्याच वळणावर माझा पाय गेला. गाडीत ब्रेक नाही त्या बाजूला, नुसती चटई. ती मी इतक्या जोरात दाबली की ती सरकून पुढे गोळा झाली. टायवाला हसला. "काका, तिथे काही नाहीये." मला नाही आवडलं.

आता हे वाचून तुला तो दिवस आठवणार. मला काय कळत नाही का? म्हणून मीच विषय काढतो. तुझ्या लायसन्सच्या परीक्षेला स्कूलचीच गाडी होती, परीक्षक मागे बसले होते, आणि शिक्षक म्हणून मी शेजारी. शिक्षकाचा पाय ब्रेकला लागला की उमेदवार नापास, हा नियम मी केलेला नाही. कुत्रा आडवा आला. मी ब्रेक दाबला. कुणीही दाबला असता. तुला त्या दूरच्या गावात घरोघरी जाऊन पेशंटकडून व्यायाम करून घ्यायची नोकरी लागली होती, महिनाअखेर लायसन्स दाखवायचं होतं, ते झालं नाही आणि नोकरी दुसरीला गेली. याचं मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण तू खाली उतरून मला विचारलंस, "बाबा, कुत्रा कुठे आहे?" आणि मी म्हटलं, पळाला. त्यावर तू जी गप्प झालीस ती झालीस. वर्षभरानं बॅग उचलून त्याच गावाला गेलीस, तिथे परक्या माणसाकडे गाडी शिकलीस. लायसन्स मिळालं हे मला आईनं भाजी निवडता निवडता सांगितलं.

कुत्रा होता. एवढंच मला म्हणायचं होतं.

बाबा

—

१७ एप्रिल, गुरुवार, दुपारी

भिंगरी,

हे पत्र आईला दाखवलेलं नाही. तिला यातलं निम्मं माहीत आहे, निम्मं तुला सांगितल्यावर सांगणार आहे.

गाडी दहा दिवस जागची हललेली नाही. ७ तारखेच्या सोमवारी सकाळी मी ब्रेड आणायला निघालो होतो. बेकरीच्या कोपऱ्यावर थांबलो, दोन्हीकडे बघितलं, रस्ता मोकळा, गाडी काढली. बॉनेटवर धाडकन हात आपटला. एक बाई सायकलसकट खाली. शाळेत शिकवते ती, वह्यांचा गठ्ठा रस्ताभर पसरला. गुडघा फुटला होता, बाकी देवानं वाचवलं. मी वह्या गोळा करत होतो आणि तोंडानं नेहमीचंच चालू होतं, अहो अशा कशा एकदम मधे येता वगैरे. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुम्ही सरळ माझ्याकडे बघत होतात. बघून मग आलात."

मी बघत होतो हे खरं आहे. मला ती दिसली नाही हेही खरं आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी एका यंत्रात डोकं घालायला लावलं. आत बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी आपला दाबत होतो. मधे मधे बराच वेळ काहीच लागेना, तर मी डॉक्टरांना म्हटलं, यंत्र बिघडलंय तुमचं. कागद बाहेर आला. उजवा अर्धा भाग पांढरा, डावा अर्धा काळा. दोन्ही डोळ्यांचा तसाच. डोळे ठणठणीत आहेत म्हणे, पण मेंदूत कधीतरी बारीकशी गुठळी अडकून गेली असणार, मला पत्ताही न लागता. डावीकडचं जग गेलंय. परत येणार नाही. डॉक्टर म्हणाले, गाडी अजिबात नाही, आजपासून नाही. मी म्हटलं, पण मला अंधार कुठेच दिसत नाही हो. ते म्हणाले, तेच तर वाईट आहे, नाही दिसत हेही दिसत नाही.

म्हणजे तो अलार्म खरं बोलत होता. फाटक सरळ होतं. खांब मधोमध नव्हता. दंतवैद्याकडे जाऊन मी स्वतः माफी मागून आलो. टायवाल्याकडेही गेलो. तो बिचारा उठून उभा राहिला, मला खुर्ची दिली. चिडावं तर कुणावर चिडावं हेच कळेना, मग मी आपला आठवडाभर आईवर चिडून घेतलं. तिला बहुतेक आधीच कळलं होतं.

आता खरं लिहायला बसलोच आहे.

कुत्रा नव्हता, भिंगरी. पांढराही नाही, काळाही नाही. रस्त्यावर काही नव्हतं. त्या दिवशी तू इतकी छान चालवत होतीस. वळणाआधी आरसा, मग सिग्नल, मग वळण. गिअरकडे एकदाही बघितलं नाहीस. मी चूक शोधत होतो, मला एक मिळाली नाही. समोर शेवटचं वळण होतं. मला एकदम वाटलं, हे झालं की ही गेली. त्या गावाला जाईल, स्वतःची गाडी घेईल, आणि हिला पुन्हा कधी माझी गरज लागणार नाही. आणि मी ब्रेक दाबला.

पाय आपोआप गेला, असं मी पाच वर्षं स्वतःला सांगत आलोय. पाय आपोआप जात नाही. हजारो पोरांच्या वेळी तो मी रोखून धरलेला आहे, चूक करू दे, शिकू दे म्हणून. तुझ्या वेळी तो मी सोडला. वर तुलाच विचारायला लावलं, कुत्रा कुठे आहे म्हणून, आणि तुझ्या तोंडावर खोटं बोललो. परीक्षकांनी तुझ्यापुढे नापासचा शिक्का मारला तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. मला लाज वाटत होती. आजही वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

काल मी वाहन कार्यालयात जाऊन आलो. पायी. लायसन्स परत केलं. मग दुसरा अर्ज दिला. त्यात लिहिलं की अमुक तारखेच्या परीक्षेत उमेदवाराची काहीही चूक नव्हती, प्रशिक्षकानं विनाकारण ब्रेक दाबला, आणि परीक्षकांना खोटं कारण सांगितलं. खाली सही आणि माझा प्रशिक्षक क्रमांक. खिडकीतल्या क्लार्कनं दोनदा वाचला. तो माझ्याच हाताखाली शिकलेला. म्हणाला, "सर, जुना निकाल काही बदलत नाही. उगाच तुमच्या नावावर डाग कशाला लावून घेता? एकतीस वर्षांत एक तक्रार नाही तुमची." मी म्हटलं, आता एक आहे, फाइलला लाव. त्यानं शिक्का मारून दिला. प्रत सोबत पाठवतोय. तुझी ती नोकरी यानं परत येत नाही, हे मला माहीत आहे. पण तुझी चूक नव्हती हे कुठेतरी लिहिलेलं असावं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की आईला तुला बघायचंय. मला बघायचंय. मला तू पाहिजे आहेस, आणि हे लिहायला मला पाच वर्षं लागली, एवढा मी शहाणा.

गाडी विकायची असं आई म्हणते. बरोबरच आहे. पण विकण्याआधी तू एकदा चालवावीस असं फार वाटतं. मी शेजारी बसायला पाहिजे असं काही नाही. मागे बसलो असतो, पण मागे सीटच नाही. तेव्हा तू एकटी चालव, लांबवर जाऊन ये. मी घरासमोर रस्त्याच्या कडेला उभा राहतो. फक्त परत येताना माझ्या उजव्या बाजूनं ये, म्हणजे मला दिसशील.

तुझी क्षमा मागणारा,
बाबा