तांदळाच्या तीन राशी

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही. तेव्हा हे पत्र तुझंही नाही आणि माझंही नाही, मधल्या माणसाचं आहे. ते मधलं माणूस आत्ता माझ्यासमोर चष्मा पुसत बसलंय. भोरच्या शाळेत उभा जन्म शिकवण्यात घालवलेल्या मुसलमान बाई आहेत, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, शेजारच्याच खोलीत राहतात. मी बोलते, त्या लिहितात. माझं बोलणं धुऊन, पिळून, वाळवून मगच कागदावर ठेवतात. मघाशी म्हणाल्या, "मावशी, आईला पत्र लिहिताय की कुणावर फिर्याद?" म्हटलं, "तुमी लिवा तर. फिर्याद कुणावर हाय ते शेवटाला कळंल."

मी कुठं आहे ते आधी सांगते. सारोळ्याच्या अलीकडं हमरस्त्याला लागून एक भलीमोठी वसाहत बांधलीय, फक्त म्हाताऱ्यांची. आपल्या पासलीसारख्या चार वाड्या तिच्यात मावतील, पण लेकरू एक दिसायचं नाही. खालच्या अंगाला बैठी घरं आहेत. दोन खोल्या, स्वतःचा ओटा, स्वतःचा गॅस, दारात चार रोपं लावण्यापुरती माती. मधे चार मजली इमारती. तिथं चहापुरती शेगडी, जेवण खानावळीत. आणि टेकाडावर एक लांबलचक पांढरी इमारत, तिथं नर्सा असतात. चूल नाही, ओटा नाही, आतून कडी नाही. हितली माणसं नुसतं खालची, मधली, वरची म्हणतात. माणूस खाली येतं, मग मधे जातं, मग वर जातं, आणि तिथून आणखी वर. वाट मोठी सोयीची केलीय, बॅटरीची गाडीसुद्धा ठेवलीय.

वेल्ह्याजवळच्या माझ्या घरी मी एकटी राहत होते. नळापाशी एकदा पाय सरकला. हाड मोडलं नाही, पण माझ्या लेकाच्या मनातलं काहीतरी मोडलं. तो आणि सूनबाई आता त्यांच्या लेकीकडं बंगळुराला निघाले. मला म्हणाला, "आई, तिकडं तुझं कुणाशी जमायचं न्हाई. हितं बघ. आठ दिवस पाहुण्यांच्या खोलीत राहा, हिंड, फिर, आणि कुठलं घर पायजे ते तू सांग. तू बोट ठेवशील ते घर." माझ्या जन्मात मला कुणी असं विचारलेलं नव्हतं. बापानं दिलं त्या घरात गेले, नवऱ्यानं बांधलं त्या घरात राहिले. एवढ्या वयात पहिल्यांदा कुणी म्हणालं की बाई, तुला कुठं राहायचंय ते तू ठरव. खरं सांगते, मी हरखून गेले. कचेरीतल्या पोरीनं रंगीत नकाशा पुढ्यात टाकला. त्यावर बोट कुठं ठेवणार? कागद मला कधी काही बोलला नाही. मी मनात म्हटलं, आईनं शिकवलंय तसं करू.

तुला आठवतं का, दरड आली म्हणून आपण जुनी जागा सोडली तो उन्हाळा? मी सात-आठ वर्षांची असेन. बाबांना ओढ्याच्या कडेची सपाट जागा पाहिजे होती, तुला जांभळाखालची. तू दिवस मावळताना दोन्हीकडं मूठ मूठ तांदूळ ठेवलेस, वर हळदकुंकू वाहिलंस. मला म्हणालीस, रास सकाळी जशीच्या तशी राहिली तर जागेनं आपल्याला घेतलं. विस्कटली तर त्या जागेचं दुसऱ्या कुणाशी जमलंय, आपण मधे पडायचं नाही. तांबडं फुटायला आपण तिघं जातोय. ओढ्याकडची रास चारी बाजूंना उधळलेली. बाबा म्हणतात, "मुंगूस बिंगूस आलं असंल. मुंगूस काय जमिनी तपासतंय व्हय?" तू म्हणतेस, "मुंगसानं निदान तपासली तरी. तुमी नुसती बघितली." घर जांभळाखाली झालं. आणि त्या सकाळी परत येताना मी तुझ्या मागनं चालत होते, तुझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला कुंकू लागलेलं मला दिसलं. मुलीनं शिकायचं ते मी तिथंच शिकले.

तर मी तेच केलं. पाचव्या दिवशी कचेरीतनं तिन्हीकडच्या एकेका रिकाम्या घराच्या किल्ल्या मागून घेतल्या, गठुळ्यात पासलीचा तांदूळ होताच. खालच्या घरात ओट्याशेजारी, मधल्यात खिडकीपाशी, आणि वरच्या इमारतीत, तिकडं जायचं मनात नव्हतं तरी, न्याय म्हणून एक रास ठेवली. पाय कुठंही लावला नाही, आये. ह्या वेळी मला खरंच जागेचं म्हणणं ऐकायचं होतं.

सकाळी मी पोचायच्या आत झाडूवाली पोचली. रिकाम्या तीन घरांत हळदकुंकू घातलेले तांदूळ बघून तिला वाटलं कुणी करणी केली. ती ओरडत कचेरीत, कचेरीतली पोरगी डॉक्टरकडं, आणि दहा वाजता मी डॉक्टरपुढं. गोरागोमटा, शांत माणूस. विचारतो, "आजी, आज वार कुठला?" म्हटलं, "सोमवार. तुमी सोमवारी दाढी करत न्हाई वाटतं." तो हसला नाही, काहीतरी लिहिलं. "शंभरातून सात सात वजा करत या." म्हटलं, "बाबा, मी पाटीनं आन पायलीनं मोजणारी. शंभर मला कधी लागलंच न्हाई." परत लिहिलं. मग कागद आणि पेन्सिल पुढं सरकवली. "घड्याळ काढून दाखवा, आणि त्यात अकरा वाजवा." आये, मी आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिल धरली, ती पळीसारखी. गोल काढला तो भाकरीसारखा झाला, एका अंगाला फाटलेला. अकरा कुठं असतात ते मला ठाऊक आहे, घड्याळ मला कळतं, पण पेन्सिल हातात वळत नव्हती आणि तो माझी बोटं बघत होता. मी म्हटलं, "अकरा वाजायला अजून तासभर हाय. तवर थांबला तर खरेच वाजतील." ह्यावर त्यानं जे लिहिलं ते सगळ्यात लांब होतं.

दुपारी लेक आला. घाबरलेला, शर्टाचं बटण चुकलेलं. "आई, तू तिथं काय करत होतीस?"

"घर बघत होते. तूच म्हणालास ना."

"तांदूळ टाकून?"

"आपल्या खळ्याची जागा अशीच धरली होती. तू दिवा धरून उभा होतास. आठवतंय का न्हाई?"

त्यानं मान खाली घातली. आठवत होतं, आये. मी त्याला पोटातनं काढलाय, त्याच्या मानेवरनं मला कळतं. पण तो म्हणाला, "आई, हे मी डॉक्टरला कसं सांगू?" त्याला माझं डोकं फिरलं असं वाटलं नाही. त्याला लाज वाटली. लाजेपेक्षा आजार बरा, आजाराला इमारत असते. मग हळूच म्हणाला, "वरच्या इमारतीत ठेवायचं म्हणतायत. तुझ्याच भल्यासाठी. आणि वर हवा चांगली लागते गं."

हवा. तो शब्द ऐकला आणि मी गठुळं बांधायला घेतलं. त्याला वाटलं आईनं ऐकलं. मी ऐकलं नव्हतं, मी त्याला ओळखलं होतं.

आता तीन महिने झाले, मी वर आहे. खिडकी चार बोटं उघडते, त्यातनं नीरेवरच्या पुलावरचे ट्रक दिसतात. भात येतो तो बिनवासाचा, कापसासारखा. हवा चांगली आहे, खोटं कशाला बोलू. त्या झाडूवालीला नंतर वाईट वाटलं. परवा फरशी पुसता पुसता म्हणाली, "आजी, रागावू नका. मधली आन वरची रास मुंग्यांनी विस्कटली होती. खालच्या घरातली ओट्याजवळची तेवढी दाणा न हलता तशीच. म्हणून तर मला जास्त भ्याव वाटलं." मी तिला म्हटलं, "बरं केलंस सांगितलंस." बरं काही केलं नव्हतं. आता त्या घरात कुणी तरी निवृत्त साहेब राहतो, ओट्यावर वर्तमानपत्रं रचून ठेवतो म्हणे.

लेकावर मी चिडले. अजून चिडलेली आहे, फोनवर आला की त्याला विचारते, "कोण बोलतंय? मला काही आठवत न्हाई हं." त्याचा जीव जातो, मला तेवढाच विरंगुळा. पण बाई लिहिता लिहिता थांबल्यात, म्हणतायत, "मावशी, फिर्याद मुलावरच ना?" नाही बाई. लिहा पुढं.

आये, दादानं पासलीचं घर बंद केलं आणि तुला माझ्याकडं आणून सोडलं. तू खोकत होतीस. तू म्हणालीस, मला चुलीपाशी एक गोधडी पुरे, ऊब लागते. आणि मी म्हटलं, पडवीत झोप, तिथं हवा चांगली लागते. तू वाद घातला नाहीस. नुसतं म्हणालीस, "तांदळाला विचारू." संध्याकाळी हळदकुंकू वाहून दोन राशी ठेवल्यास, एक चुलीपाशी, एक पडवीत. सकाळी मी तुझ्याआधी उठले. चुलीपाशची रास दाणा न हलता तशीच होती. मी ती पायानं विस्कटली आणि तुला हाक मारली. म्हटलं, बघ, उंदरांनी नेली. सासू गेल्यावर वर्षभरानं ती चूल पहिल्यांदा माझी एकटीची झाली होती. तिच्यापाशी दुसरं कुणी बसलेलं मला नको होतं. एवढंच कारण. हवेचं काही नव्हतं. दुसऱ्या थंडीत तू त्या पडवीतच डोळे मिटलेस.

बाई विचारतायत, कागद कुठं ठेवू. म्हटलं, तांदळाच्या गठुळ्यात ठेवा, तिथं सगळी खरी उत्तरं ठेवलेली असतात. एक ओळ राहिली, तेवढी लिहा आणि मग बांधा. आये, त्या सकाळी तू विस्कटलेल्या राशीकडं बघितलंच नाहीस. तू माझ्या पायाच्या अंगठ्याकडं बघितलंस, कुंकू लागलेल्या. मग वाकून स्वतःची गोधडी उचललीस आणि पडवीत गेलीस, आणि तुला कळलंय हे मला तेव्हाच कळलं होतं.