हात लागला

मरोळ, अंधेरी (पूर्व)
२३ फेब्रुवारी २०२६

ती. रत्नप्रभा आत्यास,
सादर सलाम वि. वि.

लेंटचे, ईस्टरआधीच्या उपवासाचे चाळीस दिवस तू फोन सोडलास, म्हणून हे पत्र. टपालपेटी शोधायला मला दोन दिवस लागले. मुलुंडला येणं याही रविवारी जमलं नाही. काम आहे.

प्रयोगशाळेत मी नेमकं काय करते, असं तू विचारलं होतंस. वजनकाटे तपासते. दवाखान्यांचे, सोनारांचे, औषध कंपन्यांचे. त्यासाठी आमच्याकडे एक किलोचं मास्टर वजन आहे, काचेखाली, मखमली डबीत. त्याला उघडा हात लावायचा नाही. बोटाचा घाम चिकटला तरी ते खरं राहत नाही, आणि ते खरं नसेल तर आम्ही पास केलेला एकही काटा खरा नाही. पहिल्या दिवशी ते मला सुंदर वाटलं होतं. थोडा वेळ नुसती बघत उभी राहिले होते.

एक शंका आहे. संडे स्कूलमध्ये तू गोष्ट सांगितली होतीस. गाडीवरून देवाचा कोश, म्हणजे कोणी हात लावायचा नाही अशी त्याच्या आज्ञांची पेटी, चाललाय, बैल अडखळतात, कोश पडू नये म्हणून एक माणूस हात लावतो आणि जागीच मरतो. मी विचारलं होतं, तो तर मदत करत होता ना. तू मला वर्गाबाहेर बसवलंस. उत्तर राहिलं आहे.

झोप नीट लागत नाही. हवा बदलली असेल.

लोभ कमी करू नये, पत्रं उशिरा आली तरी.

तुझी भाची,
श्रुतिका


मुलुंड (पूर्व)
२८ फेब्रुवारी

चि. श्रुतिकास,
प्रभूमध्ये पुष्कळ आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून छापल्यासारखं, आणि मजकूरही. मला वाटलं लाइटबिल आलं. 'काम आहे' म्हणे. तुझ्या बापालाही प्रत्येक प्रश्नाला हे एकच उत्तर यायचं.

तुला बाहेर बसवलं, कारण मला उत्तर येत नव्हतं. आता कबूल करते. ती गोष्ट मलाही आवडायची नाही.

पण एक सांगते. अठ्ठावीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. हिरवं कापड अंथरून हत्यारं मांडली, की त्या ट्रेला मोज्याशिवाय हात लागता कामा नये. लागलाच, तर ज्याचा लागला त्यानेच मोठ्याने म्हणायचं, 'हात लागला'. मग सगळा ट्रे बाजूला, सगळं पुन्हा मांडायचं. पेशंट टेबलावर, सर्जन ओरडतायत. तरी तो नियम कोणाला क्रूर वाटत नाही. त्याच्याच जिवावर माणूस पोट उघडायला देऊन निर्धास्त झोपतो. देवाच्या आज्ञा मला तशा दिसायला लागल्या, फार उशिरा. आधी नुसती छडी दिसायची.

आता तू सांग. वीस वर्षांनी तो माणूस का आठवला? आणि गेले दोन रविवार तू प्रभुभोजनाची भाकर घ्यायला उठली नाहीस, असं तुमच्या चर्चमधली चेतना येऊन सांगून गेली. मी फोन सोडलाय गं, कान नाही.

माया आहे तशीच आहे. चौकशा सहन कर.

तुझी आत्या


मरोळ
५ मार्च

ती. आत्यास,
सादर सलाम वि. वि.

चेतनाला माझा सलाम सांग आणि तिने प्रवचनाकडे लक्ष द्यावं म्हणावं.

१२ फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी चिमट्यातून मास्टर वजन निसटलं. नोंद लिहायला मी एका हाताचा मोजा काढला होता. त्याच उघड्या हाताने ते झेललं. खालच्या दगडी कट्ट्याला टेकलं का, सांगता येत नाही. खोलीत कोणी नव्हतं. मी ते पुसलं, डबीत ठेवलं आणि नोंदवहीत 'घटना' या रकान्यात 'निरंक' लिहिलं.

तेव्हापासून त्या वजनावर सदतीस काटे पास झाले. त्यातले दोन तान्ह्या बाळांना तोलायचे आहेत. फरक बहुधा नगण्य असेल. 'बहुधा' हा शब्द आमच्या दाखल्यावर चालत नाही.

सांगितलं तर वजन बाहेर तपासायला जाईल आणि महिनाभर काम अडेल. एप्रिलमध्ये मला दाखल्यांवर सही करायचा अधिकार मिळायचा आहे. तीन वर्षं त्याचीच वाट पाहिली. आमचे प्रमुख अनिरुद्ध सर एकदा म्हणाले होते, श्रुतिकाची नोंद मी डोळे मिटून मानतो. ते वाक्य दिवसातून चारदा आठवतं.

मीही मदतच करत होते ना.

रागावलीस तर लेखी रागाव. लोभ टिकला तर कळव.

श्रुतिका


मुलुंड
१० मार्च

चि. श्रुतिकास,
आशीर्वाद.

रागवायचा हक्क मी १९९१ सालीच घालवला.

त्या वर्षी माझं कोपर ट्रेच्या कडेला लागलं. कोणी पाहिलं नाही. सर्जन आधीच तापलेले, मी नवी. बोलले नाही. पेशंट होती जानकीबाई. आठव्या दिवशी टाके काढून हसत घरी गेली, जाताना मला पदरातली बोरं दिली. काहीच झालं नाही, बघ. झालं असतं तर कोणापुढे तरी रडले असते. ती बोरं अजून घशातच आहेत. पस्तीस वर्षांत हे पहिल्यांदा लिहिते आहे.

त्या कोशवाल्या माणसाचं पूर्ण उत्तर अजूनही येत नाही. एवढंच दिसतं, की ज्याच्या पावित्र्याला हात लावून माणूस मेला, तोच देव पुढे अशा देहात आला की कोणीही हात लावावा. रोग्यांनी लावला, शिपायांनी लावला, खिळे ठोकणाऱ्यांनी लावला. त्या वेळी हात लावणारे जगले आणि मेला तो. नियम पुसला नाही त्याने, घाव स्वतःवर घेतला. म्हणून मला त्या पावित्र्याची भीतीही वाटते आणि तिथून हलवतही नाही.

बाळाचं औषध त्याच्या वजनावर ठरतं, हे तुला सांगायला नको. सर चिडतील, चिडू देत. दोनच शब्द आहेत.

लोभाचं विचारतेस? वेडी आहेस.

आत्या


मरोळ
३१ मार्च

ती. आत्यास,
सादर सलाम वि. वि.

तुझं पत्र १३ला, शुक्रवारी संध्याकाळी मिळालं. शनिवार-रविवार प्रयोगशाळा बंद. ते दोन दिवस कसे गेले ते लिहीत नाही. सोमवारी सरांसमोर उभी राहिले. पाठ केलेली तीन वाक्यं विसरले, तुझे दोन शब्द आले.

सरांनी एवढंच विचारलं, कधी. मी तारीख आणि वेळ सांगितली. ते म्हणाले, मिनिटासकट आठवतंय आणि वहीत नाही, हे जास्त वाईट. बरोबर आहे.

आमच्या वहीत खाडाखोड चालत नाही. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, तो खालून वाचता आला पाहिजे, आणि शेजारी खरं लिहून सही करायची. 'निरंक' अजून वाचता येतं. मग तोवर पास झालेल्या प्रत्येक काट्यासाठी मीच फोन केले, पहिला बाळांच्या दवाखान्याला. त्यांनी दोन्ही काटे त्याच तासाला बाजूला ठेवले. सहीचा अधिकार आता चैतन्यला मिळेल, तो माझ्यानंतर रुजू झाला होता. वजन बाहेर गेलं आहे, उत्तर ईस्टरनंतर येईल. आकडा काय असेल माहीत नाही. मन शांत झालं असं लिहिणार नाही, कारण झालेलं नाही. पण रिकामी डबी मला बघवते.

उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, मुलुंडला येते, आराधनेला बरोबर जाऊ. जानकीबाईंचं तू अजून मलाच सांगितलं आहेस. पाद्रीसाहेबांशी बोलायचं असेल, तर मी दाराबाहेर थांबेन. बाहेर बसायची सवय तूच लावली आहेस.

लोभ आहे. हे तपासून लिहिते आहे.

तुझी,
श्रुतिका