मुकादमाची राख आणि दुसऱ्याचं बोट

विहीणबाईंना आपल्या नातीच्या दुसऱ्या आजीचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक, गुडघे सोडून. तुमची कंबर कशी आहे? मागच्या पत्रात दीड पान कंबरच होती, ती मी निम्मी वाचली (अक्षर बारीक, आणि कंबर शेवटी तुमची). व्याही इथून सुखरूप पोचले ना? नवी कवळी बसली का, की जेवताना अजून रुमालात गुंडाळून ठेवतात? त्यांना तहान फार लागते का, रात्री किती वेळा उठतात, आणि चहात तेच तीन चमचे का, हेही जरा बघून ठेवा. मी उगाच विचारत नाही, उगाच विचारायची सवय तुमच्याकडची. फोनच केला असता, पण तुमचा फोन ते उचलतात, आणि हे त्यांच्याबद्दल आहे.

तर झालं असं. आपली नात (नाक तुमचं, जीभ माझी) दिवसभर प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशी बघते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पंधरा दिवसांपूर्वी भाजी निवडताना मी तिला विचारलं, की नऊ वर्षं मी ही साखरेची गोळी गिळतेय, ती आत जाऊन करते काय? तिला एवढंच पाहिजे होतं. म्हणाली, आजी, प्रत्येक पेशीत एक मुकादम बसलेला असतो. सरपण किती उरलंय आणि राख किती साठलीय, यावर त्याची नजर. राख वाढली की तो ओरडतो, नवा साठा बंद, आत ठेवलेलं काढा, बाहेरची साखर आत ओढा. तुझी गोळी काय करते, तर चूल थोडी मंद करते. राख जास्त दिसते, मुकादम उठतो, आणि यकृत नको तेव्हा साखर सोडत असतं त्याला दम भरतो. चाललं-फिरलं तरी तो उठतो. पुढे म्हणाली, गोळी नक्की कुठे कुठे काम करते यावर आमच्यात अजून वाद आहेत. (म्हणजे मी नऊ वर्षं वाद गिळतेय.)

आता मी चौथीत शाळा सोडली असेल, पण राख मला शिकवायची नाही. तीस वर्षं मी धुलाईच्या कारखान्यात काढली. आमचा मुकादम कोळशाच्या ढिगाकडे बघायचाच नाही, भट्टीपुढची राख बघायचा. आम्ही बायका कालची राख गुपचूप आणून आजच्या राखेवर ओतायचो. मग तो कोळसा संपत आला म्हणून कपड्यांचा शेवटचा घाणा रद्द करायचा आणि आम्ही तासभर आधी घरी. पण तिसऱ्या आठवड्यात त्याने ओळखलं. मग मी विचार केला, बाहेरचा मुकादम तिसऱ्या आठवड्यात शहाणा होतो, तर आतला नऊ वर्षं काय झोपलाय? त्याला गोळीची चाल केव्हाच कळली असणार. म्हणून मी ठरवलं, तीन आठवडे गोळी बंद. तो विसरला की पुन्हा सुरू, नव्या दमाने. नातीला सांगितलं नाही. शिकलेल्या माणसांना सोपी गोष्ट पटत नाही.

अडचण एकच, ते यंत्र. सकाळी उपाशीपोटी बोटाला टोचायचं, थेंब द्यायचा, आणि आकडा आपोआप तिच्या फोनवर जातो (मी चष्मा शोधायच्या आधी). गोळी बंद केल्याच्या पाचव्या दिवशी मला वाटलं, आता चोरी पकडली जाणार. यंत्राला एखादं निरोगी बोट पाहिजे. आणि घरात एक बोट होतं. त्या बोटाचा मालक रोज ऐकवायचा, पंचाहत्तरी आली पण एक गोळी नाही, साखर आमच्या घराण्यातच नाही. दातांच्या डॉक्टरालाही तेच सांगून आला. मी म्हटलं, यंत्राला चांगलं रक्त कसं असतं ते कळलं पाहिजे. बोट धुऊन, पुसून, खुर्चीत ताठ बसून पुढे केलं हो. दोन सकाळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी नात प्रयोगशाळेचा पांढरा डगला न काढताच घरात. आकडे, पहिल्या दिवशी २८८, दुसऱ्या दिवशी ३०४. मला तशीच डॉक्टरांकडे नेलं, यंत्रासकट. तिथे माझं स्वतःचं बोट टोचलं, तर जेवण होऊनही २१०. डॉक्टर म्हणाले यंत्र बिघडलं. नातीने आपलं बोट टोचलं, ९०. यंत्र ठणठणीत. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले आणि मी पंख्याकडे. गोळी बंद केल्याचं कबूल केलं, बोटाचं नाही. नात कपाळाला हात लावून म्हणाली, आजी, आतला मुकादम तुझ्या कारखान्यातला नाही. तो शिकत नाही, रुसत नाही, आणि ही राख उसनी आणलेली नसते, खरीच असते. रोज दिसली की रोज उठतो.

गोळी त्याच दिवशी सुरू केली. पण त्या दोन आकड्यांपायी मला सकाळची एक गोळी वाढवून मिळाली आहे, सोमवारपासून, आणि बिस्किटांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला आहे. दुसऱ्याच्या साखरेची गोळी मी का खाऊ?

कळावे, लोभ आहे तेवढाच असू द्यावा.
तुमची विहीण

ता. क. बोट कोणाचं ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. कंबर सोडा आणि त्यांना तपासून घ्या, उद्याच. माणूस ताठ बसला म्हणजे रक्त ताठ असतं असं नाही. तुम्हाला स्वतःलाच शंका आली असं सांगा, माझं नाव नको. नातीला तर मुळीच नको.

ता. क. दुसरा. पत्र टेबलावर उघडं ठेवून डोळा लागला. उठून बघते तो शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका लाल पेनाने सुधारलेल्या. खाली तिच्या अक्षरात लिहिलंय, ‘वाचलं. वाढीव गोळी घेऊ नकोस, डॉक्टरांशी बोलते. दोन्ही आज्या आणि आजोबा, गुरुवारी सकाळी, उपाशीपोटी. प्रत्येकाने आपापलं बोट घेऊन यावं.’