बीटच्या सात कुंड्या आणि मागची खोली

मी, शिवणकाम करून घर चालवलेली बाई, वय एक्याऐंशी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं शाबूत आहे, डॉक्टरांनी तपासलंय. शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा ऱ्हस्वदीर्घाचं बघून घ्या.

१. राहतं घर मुलाला. पण मागची खोली सोडून. तिथे त्याने भाडेकरू ठरवून ठेवलाय, मी असतानाच!

२. मागची खोली नातीची. कारण लिहिते. तीन वर्षांपूर्वी मुलाला फोनवर विचारलं, पोरीला हल्ली कशाची आवड? म्हणाला, "बीट गं आई. दिवसभर नुसतं बीट." मी गच्चीत सात कुंड्या लावल्या. गुडघे दुखायचे, तरी दर शनिवारी पिशवीभर बीट पाठवलं. "आवडलं हं तिला," म्हणायचा. पिशवी जायची त्याच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे, हे आत्ता कळलं.

परवा नात आली. "आजी, मी बीट खात नाही गं. मी बीट बनवते."

"उकडून?"

पोरगी हसून लोळली. मग "हे बीट, म्हणजे ठेका," म्हणत माझ्या शिलाई मशीनच्या फळीवर दोन बोटांनी असं काही वाजवलं, की मी बोटात सुईचं अंगुस्तान घालून साथ दिली! मग म्हणते कशी, "तुला आवाज सोसत नाही ना? बाबा म्हणाले, आजीकडे वाजवायचं नाही."

मला? चाळीस वर्षं मशीन चालवलेल्या बाईला?

मुलाला विचारलं, तर म्हणाला, "तिचं वेड वाढायला नको होतं. आणि तुझा हिरमोड नको." दोघींना फसवलंन.

३. लहानपणी तो काडेपेट्यांची चित्रं जमवायचा. मी त्यांनी चूल पेटवली, तेही न विचारता. चुकलंच माझं. पण राग तेव्हाच काढायचा होता, पोरीवर नाही.

४. सातही कुंड्या मुलाला, मातीसकट. उगवेल ते त्यानेच खावं.

५. मशीन, कात्र्या, अंगुस्तान नातीला. ती सज्ञान होईतो खोलीची किल्ली शेजारच्या नर्सबाईंकडे. आईबापांनी आत जायचं तर आधी "काय वाजवतेस?" विचारावं, आणि संपेपर्यंत बसावं. मलाही सगळं कळत नाही. मी "परत वाजव" म्हणते.

साक्षीदार: नर्सबाई, कोपऱ्यावरचे घड्याळवाले.
ठिकाण: मागची खोली. तारीख: चार मार्च.

सही वाकडी आलीय ती म्हातारपणाने नाही. मी सही करत होते त्याच टेबलावर नात वाजवत होती.