नव्या तांदळाचा भात

म्हसा, जत्रेचा दुसरा दिवस, संध्याकाळ

आज भात माझ्यामुळे बिघडला नाय. कुणाला सांगता आलं नाय, म्हणून इथं लिहितेय.

काका बैल विकायला आलाय, मी त्याच्यासोबत जेवण करायला. तीन दगडांवर टोप ठेवला. तांदूळ घरचा, यंदाचाच. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, मला माहीत होतं. काका आला न् म्हणाला, "एवढ्याशा पाण्यात काय शिजल गो?" आणि तांब्याभर ओतलं. मी गप्प. का गप्प बसते मी?

भाताचा पार लगदा झाला. शेजारच्या पालातली माणसं जेवायला बोलावलेली. त्यांच्यासमोर काका बोलतो, "शाळा सोडली, आता चूल पण जमत नाय हिला." सगळे हसले. मी खाली मान घालून सुकटीचं कालवण वाढत राहिले. तांब्या तिथंच, काकाच्या हाताशी होता.

शाळेत पण असंच. उत्तर यायचं, तोंड उघडायचं नाय.

जेवून उठताना काका म्हणाला, "उद्या पाणी बेतानं घाल." मी "हो" म्हणाले. हो कशाला म्हणाले?

तांब्या घासून माझ्या पिशवीत, कपड्यांखाली ठेवलाय. उद्या त्याला प्यायला पाणी हवं असलं तरी माझ्याकडं मागायला लागल.