कुरकुरणारं दार पाहिजे

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे बसूनच घातला आहे, पण आठही अंगं तुझ्याकडेच वळलेली आहेत असं समज). तुझी तब्येत ठीकच असणार. नसती, तर पत्राची वाट न बघता तू मला बोलावून झापलं असतंस.

पत्रास कारण, आपल्या दारांच्या कारखान्यावर आलेलं संकट. दुसऱ्याच्या दुकानात रंधा मारता मारता मी स्वतःची पाटी लावली, ते तू पाहिलंच आहेस. पाटीवर लिहिलं, 'दार कुरकुरलं तर परत.' आजवर एक दार परत आलं नाही, आणि इथेच माझा घात झाला. गेल्या सोमवारी एक दाढीवाला दिग्दर्शक आला. म्हणाला, "काका, भुताच्या सिनेमाची सुरुवात करतोय. कुरकुरणारं दार हवंय." बदल्यात पडद्यावर 'दारे' म्हणून आपल्या कारखान्याचं नाव! मी हो म्हणून बसलो. (माझे कान तिखट आहेत खरे, पण तोंड त्यांच्या पुढे धावतं.)

मी विचारलं, भूत त्या दारातून येतं का? म्हणाला, "छे! पहिली चार मिनिटं भूत नाहीच. बाई पाणी पितेय, नळ ठिबकतोय, मागचं दार वीतभर उघडतं. बस्स." यासाठी माणसं तिकीट काढतात? मी हसलो, तर तो म्हणाला, "काका, भूत दाखवलं की लोक म्हणतात, हात्तिच्या! दार दाखवलं की प्रत्येक जण आपापलं भूत घरून आणतो." हे मात्र पटलं बरं का. गिऱ्हाईकाला 'चौकट किडली आहे' असं सांगितलं तर ते घाबरत नाही. चौकटीवर टकटक करून नुसतं 'हंऽऽ' म्हटलं, की ते लगेच नवी चौकट सांगून मोकळं होतं. म्हणजे इतकी वर्षं मी हाच धंदा करतोय, फक्त भुताशिवाय.

मंगळवारी भर दुपारी खिडक्यांना काळे पडदे लावून माझं दार उभं केलं. बाई पाणी प्यायली, नळ ठिबकला, दार उघडलं. आवाज? लोण्यातून सुरी जावी तसा! मी बिजागऱ्यांचं वंगण पुसलं, मिठाचं पाणी घातलं, स्क्रू ढिले केले, शेवटी कडीला स्वतः लोंबकळलो (कंबर तिथे धरली). तेव्हा कुठे दार बोललं, पण थेट बदकासारखं. पाणी पिणाऱ्या बाईला ठसका लागला आणि सगळं पाणी कॅमेऱ्यावर. पुन्हा सगळं सामसूम केलं. बाई, नळ, दार... आणि त्या शांततेत एक असा खोल, लांबलचक, कण्हल्यासारखा आवाज आला, की दिव्यावाल्याच्या हातून दिवाच निसटला. दिग्दर्शक नाचायला लागला, "हाच! हाच! कुठली बिजागरी ही?" आता त्याला काय सांगू? ते माझं पोट होतं. मग पोटाला माइक बांधून मला दाराआड उभं केलं, पण तोवर कोणीतरी दया येऊन मला बिस्किटं दिली होती. पोट मुकं झालं ते झालंच.

एवढ्यात आपल्या कारखान्यासमोरचा सुतार (ज्याची दारं गिऱ्हाईकाच्या आधी बोलतात) दात काढत आला. "साहेब, आमच्याकडे तयार माल आहे. एकेक दार वाजवून बघा अन् निवडा." दिग्दर्शकाने माझ्या वयाचा मान राखून मला शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. त्या सुताराचं नाव पडद्यावर लागलं, तर मला रोज सकाळी त्याच्याकडे पाठ करून शटर उघडावं लागेल, ताई.

भावोजींना नमस्कार. लोभ आहे तेवढाच असू द्यावा. वाढवायचा असेल तर आधी खालचं वाचावं.

तुझा,
धाकटा

ता.क. : तुझ्या स्वयंपाकघरातलं कपाट मीच केलेलं. त्याचं डावं दार कुरकुरतं, असं तू अकरा वर्षं म्हणतेस, आणि मी दर वेळी कान लावून सांगतो, "ताई, तुझे कान वाजतात." ते कुरकुरतं. आधी 'कर्रर्र', मग जरा थांबून कोणीतरी हाक मारावी तसं. मला बाहेरच्या खोलीतूनही ऐकू येतं. गुरुवारी टेम्पो पाठवतो. दार बिजागऱ्यांसकट, तेलाचा थेंबही न लावता दे.

पुन्हा ता.क. : हे भावोजींना कळू देऊ नकोस. तो आवाज त्यांच्या गुडघ्याचा आहे असं मी त्यांना पटवलेलं आहे, आणि चार वर्षं ते रोज मालिश करून घेतात. दार गेल्यावर आवाज थांबेल. श्रेय मालिशवाल्याला जाऊ दे.